मुलानं केल्यासारखं

भारताच्या राज्यघटनेत कलम ५१-क मध्ये नागरिकांची मूलभूत कर्तव्यं दिली आहेत. आधी ती दहा होती. २००२ साली शहाऐंशीवी घटनादुरुस्ती झाली आणि अकरावं कर्तव्य आलं: सहा ते चौदा वर्षं वयाच्या आपल्या पाल्याला शिक्षणाची संधी द्यावी. हे कर्तव्य पालकांचं. ते वाचलं की मला हटकून वाटतं, ही दुरुस्ती ज्यांनी लिहिली त्यांच्या घरी त्या वर्षी पाचवीतलं कुणी नसावं. असतं तर ते एवढ्यावर थांबलेच नसते. ज्वालामुखी कुणी करायचा, तो रात्री किती वाजेपर्यंत वाळला पाहिजे, आणि 'उद्या चार्ट न्यायचाय' ही पंधरा दिवसांपूर्वीची बातमी दात घासून, पांघरूण ओढून, डोळे मिटता मिटता देणाऱ्या पाल्याचं काय करायचं, यावर घटना गप्प आहे.

सरकारनं आपल्या परीनं पुष्कळ केलं, हे नाकारता येत नाही. २०२० साली राष्ट्रीय दप्तर धोरण आलं. दुसरीपर्यंत गृहपाठ नको, तिसरी ते पाचवीला आठवड्यातून फार तर दोन तास, आणि दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नको. धोरण उत्तम आहे. आमच्याकडे ते पाळलंही जातं, कारण दप्तर बाप उचलतो. बापाचं वजन ऐंशी किलो. आठ किलोपर्यंत कुणाला बोट दाखवायला जागा नाही. गृहपाठाचे दोन तासही मुलांपुरते आहेत. पालकांनी किती तास करावा यावर धोरणात काही मर्यादा नाही, आणि ती सवलत पालक पुरेपूर वापरतात.

त्याच्या आधी २००९ चा शिक्षण हक्क कायदा आला. प्रवेश देताना मुलाला किंवा आईबापांना कसलीही चाळणी लावायची नाही, असं त्यात स्वच्छ म्हटलंय. त्यामुळे आता मुलाखत होत नाही. शाळा पालकांना 'सहज गप्पा मारायला' बोलावते. आमच्या ओळखीतल्या एका जोडप्यानं या सहज गप्पांची आठवडाभर तालीम केली. घरात टीव्ही लागतच नाही, हे नवऱ्यानं सांगायचं. झोपताना रोज गोष्ट वाचून दाखवतो, हे बायकोनं. दोघांनी आपापली वाक्यं चोख म्हटली. मग समोरच्या बाईंनी मुलाला जवळ घेतलं आणि विचारलं, "तुला घरी सगळ्यात काय आवडतं रे?" मुलगा मनापासून म्हणाला, "जाहिराती."

पालक-शिक्षक संघाचंही तसंच. महाराष्ट्रात २०११ च्या शुल्क विनियमन कायद्यानं तो शाळांना बंधनकारक झाला, आणि कार्यकारी समितीवर कोण जाणार हे इच्छुक पालकांमधून सोडत काढून ठरवायचं, अशी सोय झाली. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा म्हाडाची घरं असावीत. प्रत्यक्ष सभेत पाऊण तास सगळे तावातावानं बोलतात. बस उशिरा येते, फी लवकर येते, कँटीनमध्ये मैदा फार, शेवटच्या बाकावरून फळा दिसत नाही. मुख्याध्यापिका सगळं शांतपणे टिपून घेतात आणि म्हणतात, "फार छान सूचना. आता समितीसाठी इच्छुकांनी नावं द्या." त्याबरोबर सभागृहातल्या यच्चयावत पालकांना महत्त्वाचे फोन येतात. कुणी दाराकडे सरकतो, कुणी चपला शोधतो. सोडत काढायला किमान दोन चिठ्ठ्या लागतात, हा मुद्दा कायद्यानं गृहीत धरलेला दिसतो.

ओपन डेला मात्र हजेरी शंभर टक्के. तिथं प्रत्येक पालक बाईंना एकच वाक्य ऐकवतो आणि ते आपल्यालाच पहिल्यांदा सुचल्यासारखं ऐकवतो: "घरी सगळं येतं हो त्याला, पेपरात लिहीत नाही." बाई मान हलवतात आणि समोरच्या कागदावर एक रेघ मारतात. हे वाक्य सकाळपासून कितव्यांदा आलं, याचाच तो हिशेब असावा अशी मला शंका आहे. दुसरा लाडका विषय 'सिली मिस्टेक्स'चा. आपल्या मुलानं सात साते छप्पन्न लिहिलं तर ती सिली मिस्टेक. शेजारच्यांच्या मुलानं लिहिलं तर त्याचा पायाच कच्चा.

आणि शिष्यवृत्ती परीक्षा! पूर्वी ती चौथी-सातवीला असायची, २०१६-१७ मध्ये ती पाचवी-आठवीला गेली होती. माझ्या माहितीतल्या एका गृहस्थांना लहानपणी चौथीत ती जमली नव्हती; मुलगी पाचवीत गेल्यावर त्यांनी राहिलेला हिशेब चुकता करायला घेतला. बुद्धिमत्ता चाचणीत आरशातल्या प्रतिमांचे प्रश्न असतात. रात्री अकरा वाजता हे गृहस्थ भिंतीवरचं घड्याळ काढून कपाटाच्या आरशासमोर उभे, वेळ दहा वाजून दहा मिनिटं लावलेली, आणि आरशात ती दोनला दहा कमी दाखवतेय हे बघून स्वतःशीच खूश. मुलगी झोपली होती. तिला ते गणित पहिल्याच दिवशी वर्गात समजलं होतं. पण बाबांचा उत्साह बघून तिनं सांगितलं नाही. हल्लीची मुलं आईबापांना फार जपतात.

दिवाळी जवळ आली की या उत्साहाला माती मिळते. पुण्यात, साताऱ्यात, कोल्हापुरात मुलांनी किल्ला करायचा हा जुना रिवाज. माझ्या लहानपणी त्यात आईबापांचा वाटा ठरलेला असायचा. वडील एक फाटकं पोतं द्यायचे. आई ओरडायची. विटा कुठल्यातरी बांधकामावरून आपोआप यायच्या. कुठला किल्ला करायचा हे आधी ठरत नसे. तो उभा राहिला की बघायचं. एक बाजू ढासळली तर तिला टकमक टोक म्हणायचं आणि किल्ल्याला रायगड. दरवाजा महाराजांच्या गुडघ्याला लागेल एवढा, मावळ्यांच्या रांगेत एक प्लॅस्टिकचा जिराफ, आणि उतारावर अळीव. वडील संध्याकाळी कामावरून आले की उभ्याउभ्या बघून "बरा झालाय" म्हणायचे आणि चहाला आत जायचे. तेवढ्यावर आम्ही चार दिवस फुगलेले असायचो.

आता सोसायट्यांच्या स्पर्धा असतात. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. ११ महाराष्ट्रातले आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. अभिमान सगळ्यांनाच वाटला, पण आमच्या शेजारच्या सोसायटीतल्या एका आयटीतल्या बापाला तो जरा कृतीत उतरवावासा वाटला. सगळे रायगड करतात, आपण जिंजी करू. जिंजी तीन टेकड्यांवर पसरलेला आहे. त्यानं तिन्ही केल्या, मापात. लॅपटॉप पायरीवर उघडा, त्यात उपग्रहानं घेतलेला फोटो, हातात लेव्हल बघायची नळी. सहा वर्षांचा मुलगा बाजूला बसून बघत होता. मध्येच त्यानं हळूच एक मावळा नेऊन तटावर ठेवला. बापानं तो उचलला. "तिथं पहारा नव्हता." मुलानं दुसरीकडे ठेवला. "स्केल बघ ना रे, बुरुजापेक्षा उंच झालाय तो." शेवटी मुलाला अळीव पेरायचं काम मिळालं. ते उगवले नाहीत, कारण माती निसटू नये म्हणून बापानं तिच्यात फेविकॉल कालवला होता. परीक्षक आले, त्यांनी तिन्ही टेकड्या न्याहाळल्या आणि तीन मुलांची नावं विचारली.

पालकत्वावरच्या भाषणांत श्यामच्या आईचं नाव घ्यायची पद्धत आहे. साने गुरुजींनी ते पुस्तक १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. वक्ते त्यातलं हळवं तेवढं सांगतात आणि पोहण्याचं प्रकरण चतुराईनं टाळतात. पाण्याला घाबरून लपून बसलेल्या श्यामला ही प्रेमळ आई शिंपटीचे फटके देऊन बाहेर काढते आणि पोहायला लावते. फटक्यांचं समर्थन मी करत नाही. पण पाण्यात हातपाय श्यामलाच मारावे लागले, हेही तिथं आहे. आता कुठल्याही जलतरण तलावावर उन्हाळ्याच्या सुट्टीत जाऊन बघा. पाण्यात पंधरा मुलं आणि कठड्याला पंचवीस पालक. "किक! किक मार! श्वास घे!" ओरडताना त्यांचे स्वतःचे हातपाय हवेत चाललेले असतात. त्यातल्या अर्ध्यांना पोहता येत नाही.

एका बापाचं मात्र मला राहून राहून नवल वाटतं. मुंबईत परळच्या चाळीत एक खोली, तीत सगळं बिऱ्हाड. अशा जागेत मुलानं शिकायचं कसं? सुभेदार रामजी सकपाळांनी त्यावर काढलेली तोड चरित्रांतून नोंदलेली आहे. मुलानं, म्हणजे भीमराव आंबेडकरांनी, लवकर झोपायचं. रात्री दोनला रामजी त्यांना उठवून अभ्यासाला बसवायचे आणि मग स्वतः आडवे व्हायचे. पुस्तकांना पैसे नसले तर लेकींकडून दागिना मागून आणून तो गहाण टाकायचे. पुढचं सगळं जगाला ठाऊक आहे. मला त्या व्यवस्थेतला आडवं होण्याचा भाग फार मोलाचा वाटतो. जागा करून दिली, पुस्तक आणून दिलं, वेळेवर उठवलं. आता तू आणि तुझं पुस्तक. आज तोच बाप मुलाशेजारी खुर्ची ओढून बसला असता, पिवळ्या पेननं महत्त्वाच्या ओळी रंगवल्या असत्या आणि पहाटे पाचला वर्गाच्या ग्रुपवर विचारलं असतं, "धडा तिसरा पूर्ण आहे की फक्त स्वाध्याय?"

या ग्रुपांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण ज्यांना माहीत आहे त्यांना सगळं माहीत आहे. दुपारी साडेतीनला कुणीतरी विचारतं, आज गृहपाठ काय. कुणीतरी वहीचा फोटो टाकतं. तिसरी आई म्हणते, शेवटची ओळ कापली गेलीय. चौथी अंगठा दाखवते. पाचवे आजोबा असतात, ते गुलाब पाठवतात. मुलांनी गृहपाठ उतरवून आणणं केव्हाच सोडलंय. त्यांच्या बाजूनं ते बरोबरच आहे. घरात दोन पगारी माणसं त्याच कामावर असताना तिसऱ्यानं कशाला राबायचं?

पण हे सगळे धागे शेवटी जिथं येऊन गोळा होतात ती जागा म्हणजे शाळेसमोरचं स्टेशनरीचं दुकान. आमच्या भागातल्या अशा एका दुकानात जेवणानंतर स्टुलावर जाऊन बसायची मला सवय आहे. दुकानदाराला सगळे काका म्हणतात, त्यांच्यापेक्षा वयानं मोठे असलेलेही. सकाळी तिथं पोरं येतात, दोन रुपयांचं खोडरबर घेतात, त्याचा वास घेतात आणि पळतात. खरा गल्ला भरतो रात्री. शटर अर्धं खाली आलं की त्याच्याखालून एक बर्म्युडा आणि दोन पोटऱ्या दिसतात, आणि वरून, शटरापलीकडून, आवाज येतो.

"काका, ज्वालामुखी आहे का?"

काकांना त्याचं काही वाटत नाही. "तयार की सुटा?"

सुट्यात माती, पुठ्ठा आणि लाल-केशरी रंग. खायचा सोडा नि व्हिनेगर शेजारच्या वाण्याकडून तुमचं तुम्ही बघायचं. तयार म्हणजे रंगवलेला, दीडशे रुपये, लाव्हा आधीच ओघळलेला. पूर्वी हे थर्माकोलचं असे. २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली तेव्हापासून सगळी पृथ्वी, सूर्यमाला आणि मानवी हृदय सनबोर्डावर आलंय. फळीवर 'निसर्गातील वस्तू' असं लिहिलेली पाकिटंही असतात, पंचवीस रुपयांना एक: पाच बिया, चार वाळलेली पानं, तीन शिंपले, एक पीस. कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी पोरांची बालवाडी अशाच खड्या-बियांवर, पानांवर चालवली होती. ते सामान पोरं रानातून स्वतः वेचून आणत. आमच्याकडे दुकानाच्या दारात गुलमोहराचं झाड आहे. पाकीट घेऊन गाडीकडे जाणाऱ्या बापाच्या पायाखाली त्याच्या शेंगा करकर वाजतात.

परवा बँकेत मोठ्या हुद्द्यावर असलेले एक साहेब आले. "भारताचा नकाशा द्या."

"राजकीय की प्राकृतिक?"

कोट्यवधींची कर्जं मंजूर करणारा माणूस या प्रश्नाला गडबडला. त्यांनी घरी फोन लावला. पलीकडे आईनं झोपलेल्या मुलाला हलवल्याचं इकडे ऐकू आलं. "तो म्हणतोय नद्या दाखवायच्यात."

"मग प्राकृतिक."

"आणि झोपेत म्हणतोय, राजधान्या पण."

साहेबांनी दोन्ही घेतले, पाच-पाच. चुकलं तर हाताशी असावेत म्हणून. चुकणार कोण, हे विचारायची काकांच्या दुकानात पद्धत नाही.

त्याहून भारी ते रुजलेल्या राजम्याचे. बी कशी रुजते त्याची आठ दिवसांची नोंद करायची, रोजचा नमुना पुठ्ठ्यावर चिकटवायचा, असा प्रकल्प. बाप आला सातव्या दिवशी रात्री पावणेदहाला. "रुजलेला राजमा मिळेल का? थोडा थोडा वाढत गेलेला हवाय." काकांनी चष्मा कपाळावर चढवला, विचार केला आणि रस्ता सांगितला. सकाळी सहाला मंडईबाहेर मोड आलेली कडधान्यं घेऊन बायका बसतात. मुगाचे मोड छोटे, मटकीचे त्याहून लांब, वालाचे आणखी. ओळीनं लावून टाका. बापानं दुबळा आक्षेप घेतला, "पण बिया वेगळ्या दिसतील." काका म्हणाले, "वाढ दिसल्याशी कारण." पहिल्या दिवशी मूग, चौथ्या दिवशी मटकी, आठव्या दिवशी वाल: एवढी उत्क्रांती एका आठवड्यात डार्विनलाही झेपली नसती. त्या प्रकल्पाला दहापैकी नऊ मिळाले. एक गुण अक्षरासाठी गेला, आणि अक्षर आईचं होतं. त्यावरून त्या घरात दोन दिवस अबोला होता असं कळलं.

मधल्या काळात शाळेनं एक सूचना काढली. प्रकल्प मुलांनी स्वतःच्या हातानं करावेत. मोठ्यांची मदत दिसली तर गुण कापले जातील. वाचून मला वाटलं, आता काकांचं अवघड आहे. पण चाळीस वर्षं शाळेसमोर बसलेला माणूस पालकांना शाळेपेक्षा जास्त ओळखतो. महिन्याभरात दुकानात नवा माल दिसू लागला. आता प्रत्येक प्रकल्प दोन प्रकारांत मिळतो: 'व्यवस्थित' आणि 'मुलानं केल्यासारखं'. दुसरा तीस रुपयांनी महाग आहे.

"महाग का?" मी विचारलं.

"अहो, सरळ कुणीही कापतं. पोरासारखं वाकडं कापायला हात बसावा लागतो."

हात त्यांच्या भाच्याचा. तो मागच्या खोलीत बसतो. मी आत जाऊन बघितलंय. त्या माणसाची कला बघण्यासारखी आहे. मथळा तो डाव्या हातानं लिहितो. पहिली तीन अक्षरं ऐसपैस, आणि मग पुठ्ठा संपत आल्याचं लक्षात आल्यासारखी पुढची तीन एकमेकांच्या अंगावर. 'ज्वालामुखी'तला 'मु' आधी दीर्घ काढून मग खोडायचा, पण खाडाखोड दिसली पाहिजे. आकाश निळ्या खडूनं सुरू करायचं आणि मध्येच निळा हरवल्यासारखं जांभळ्यानं पुरं करायचं. कोपऱ्यात डिंकाचा अंगठा, छोट्या मापाचा. त्यासाठी त्यानं शेजारच्या पोराला दिवसाला एक चॉकलेट लावून दिलंय. म्हणजे एका तरी मुलाचा हात त्याला लागतो. इयत्तेप्रमाणे वाकडेपणा बदलतो. तिसरीचं जरा जास्त, सातवीचं फक्त कडांना.

मागच्या आठवड्यात एक गृहस्थ 'मुलानं केल्यासारखी' सूर्यमाला बघत होते. मोबाइलचा उजेड पाडून त्यांनी एकेक ग्रह तपासला. शनीची कडी निसटत आलेली, गुरू पृथ्वीएवढाच, आणि नेपच्यूनला जागा न उरल्यानं तो मागच्या बाजूला चिकटवून पुढे बाण काढलेला. माझ्या मते ती भाच्याची आजवरची सर्वोत्तम कलाकृती होती. गृहस्थांच्या कपाळावर आठी पडली.

"काका, फारच वाकडं वाटतंय हो हे."

"पाचवीचं आहे ना?"

"पाचवीचंच. पण आमचा हुशार आहे."

काकांनी सूर्यमाला परत घेतली, फडक्यानं पुसली आणि मागच्या खोलीकडे तोंड करून हाक मारली, "अरे, यांना सहावीतलं एक दाखव!"